‘फेअर’ म्हणजे गोरा, रास्त की बरा?

आमच्या शाळेत दोन वह्या असत, रफ आणि फेअर. रफ वहीत मनसोक्त खाडाखोड चाले. फेअर वहीत मात्र चुकलं तर पान फाडायचीही सोय नव्हती, कारण बाई पानं मोजायच्या. त्याच काळात टीव्हीवर ‘फेअर अँड लव्हली’ची जाहिरात लागायची आणि गल्लीच्या तोंडाशी ‘शासनमान्य रास्त भाव दुकान’ अशी पाटी होती. सरकारी इंग्रजीत ते फेअर प्राइस शॉप. वही, क्रीम आणि रेशनचे गहू या तिघांना एकच विशेषण का, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. भाषांतराची कामं घ्यायला लागल्यावर पडला. या शब्दासाठी समानार्थी कोश उघडावा तर ब्यूटिफुल, ब्लाँड, जस्ट, इम्पार्शल, रीझनेबल, मॉडरेट असा गोतावळा समोर येतो, आणि त्यातला एक उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवला की वाक्य बिघडतं.

या गोतावळ्याचं मूळ हजार वर्षांहून जुनं आहे. जुन्या इंग्रजीत ‘फॅयर’सारखा उच्चार असलेला शब्द होता आणि त्याचा अर्थ सरळ होता: देखणा, मनाला बरा वाटणारा. माणूस फेअर, कुरण फेअर, स्वच्छ उन्हाचा दिवसही फेअर. त्याच्या विरुद्ध फाउल, म्हणजे कुजका, घाणेरडा. ही जोडी अजून मोडलेली नाही. हवा फेअर नसली की फाउल असते आणि मैदानावर फेअर प्ले नसला की पंच फाउल देतात. ‘अनफेअर’ची गंमत आणखी वेगळी. आज अन्यायाची तक्रार करताना वापरतात तो हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘कुरूप’ या अर्थाचा होता.

1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार, न्यायालय, जेवणाचं टेबल सगळीकडे फ्रेंच शिरली. ब्यूटी आली, पुढे तिच्यावरून ब्यूटिफुल झालं. जस्टही त्याच वाटेने आलं. सौंदर्याची मुख्य खोली हळूहळू ब्यूटिफुलने बळकावली आणि फेअर घरातल्या जुन्या भाडेकरूसारखा बाकीच्या खोल्यांत सरकला. कवितेत तो देखणा राहिला, बोलण्यात कमी झाला. इतिहासाच्या पुस्तकात याच्या खुणा सापडतात. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप इंग्रजीत ‘द फेअर’ म्हणून ओळखला जातो. तो फ्रेंच ‘ल बेल’चा, म्हणजे ‘देखणा’चा अनुवाद आहे, आपल्याकडे वाचणाऱ्याला मात्र पहिल्या झटक्यात तो गोरा फिलिप वाटतो.

गोरेपणाचा अर्थ चिकटला तो सौंदर्याच्या कल्पनेमुळेच. ज्या समाजात उजळ कांती आणि सोनेरी केस म्हणजे रूप, तिथे ‘देखणी’ म्हटलं की ‘गोरी’ हे न सांगता आलंच. 1609 मध्ये छापलेल्या शेक्सपिअरच्या सुनीतांपैकी 127 वं सुरूच होतं ते पूर्वी काळ्याला कुणी फेअर म्हणत नसे या बोलण्याने. तिथली कोटी उभी राहते ती एका शब्दात दोन्ही अर्थ असल्यामुळे. ब्यूटिफुल किंवा ब्लाँड घालून पाहा, ओळ तिथेच कोसळेल.

न्यायाकडे जाणारी वाट मराठी माणसाला परकी वाटू नये. आपलं ‘चोख’ तसंच आहे: सोनं चोख, मग हिशेब चोख, मग व्यवहार चोख. फेअरही डाग नसलेला, म्हणून निष्कलंक, आणि चौदाव्या शतकापर्यंत निःपक्षपाती असा चालत गेला. फेअर वही याच रस्त्यावरची: डाग आणि खाडाखोड नसलेली प्रत.

‘बरा’, ‘चालण्यासारखा’ हा अर्थ मात्र मला सगळ्यांत रोचक वाटतो, कारण त्याचा एक धागा आपल्या वऱ्हाडापर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात कापसाची प्रतवारी अशाच विशेषणांनी होई. अमेरिकी कापसात फेअर अगदी वरची प्रत आणि मिडलिंग खालची. हिंदुस्थानी कापसात उलट; फुल्ली गुड, फाइन या प्रती फेअरच्या वर. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवीत तिकडचा माल अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, तेव्हा भावपत्रकांत फेअर ढोलेरा, फेअर उमरावती अशा नोंदी असत. ढोलेरा गुजरातेतलं, उमरावती म्हणजे आपली अमरावती. म्हणजे एकाच बाजारात, एकाच शब्दाने अमेरिकेची गाठ उत्तम ठरे आणि अमरावतीची जेमतेम.

जत्रेचा फेअर या कुळातला नाही. तो लॅटिन ‘फेरिया’, म्हणजे सणाचा दिवस, यावरून फ्रेंचमार्गे आला. लंडनचं मेफेअर तिथे 1686 पासून 1764 पर्यंत मे महिन्यात भरणाऱ्या जत्रेमुळे. टॅक्सीचं भाडं हा तिसराच. त्याचं मूळ ‘प्रवास करणे’ असं, फेअरवेलमध्ये तोच आहे. इंग्रजीत निदान भाड्याचं स्पेलिंग वेगळं आहे, देवनागरीत तिघेही एकाच कपड्यात उभे राहतात.

आपल्याकडे या शब्दाच्या दोन खोल्यांना वर्दळ फार. गोरेपणाच्या खोलीवरची पाटी 2020 मध्ये उतरली. 1975 पासून विकल्या जाणाऱ्या त्या क्रीमच्या नावातला फेअर जाऊन ‘ग्लो’ आला. लग्नाच्या जाहिरातींतले गोरी, निमगोरी, गव्हाळ अजून हललेले नाहीत.

दुसरी खोली भावाची. सरकारी मराठीने फेअरसाठी ‘रास्त’ निवडला, मूळचा फारसी, ‘सरळ, योग्य’ या अर्थाचा. वाजवीही चालला असता, पण वाजवीत घासाघीस ऐकू येते. लोकांनी मात्र पाटी बाजूला ठेवून त्या दुकानाला ‘स्वस्त धान्य दुकान’ म्हणायला सुरुवात केली, इतकी की सरकारी कागदांतही ते नाव आलं. आणि उसाच्या एफआरपीतला पहिला एफ हाच फेअर आहे: रास्त व किफायतशीर दर. 2009 मध्ये किमान वैधानिक किमतीच्या जागी हा शब्दप्रयोग आला. रेशनच्या रांगेतल्या बाईला रास्त म्हणजे परवडेल इतका खाली आणि ऊस घालणाऱ्याला रास्त म्हणजे परवडेल इतका वर. गावाकडे पुष्कळ घरांत ही दोन्ही माणसं एकाच छपराखाली राहतात.