‘देव सोसवेल तेवढंच दुःख देतो’ हे बायबलमध्ये नाही

मयताच्या घरी सांत्वनाला गेलेलं कुणीतरी हे वाक्य हमखास म्हणतं, आणि ते बायबलचं वचन म्हणून खपतं. खरं मूळ १ करिंथ १०:१३, म्हणजे येशूचा प्रेषित पौल याने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन. तिथे पौल सांगतो, शक्तीपलीकडे तुमची परीक्षा देव होऊ देणार नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ परीक्षाही होतो आणि मोहही. पुढचंच वचन ‘मूर्तिपूजेपासून दूर पळा’ असं आहे. म्हणजे विषय पापाच्या मोहाचा. कॅन्सरचा किंवा कर्जाचा नव्हे. मराठीत ‘परीक्षा’ वाचलं की आपल्याला संकटच आठवतं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

दुःखाबद्दल तोच पौल २ करिंथ १:८-९ मध्ये उलट लिहितो: आशियात (आजच्या तुर्कस्तानातला तेव्हाचा रोमन प्रांत) आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याचीही आशा सुटली, हे यासाठी, की आम्ही स्वतःवर नव्हे, तर देवावर भरवसा ठेवावा. बायबलमधलं स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. तरी ती प्रार्थनाच आहे.

पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम तरीही सोडलं नाही. ते सोसवत होतं म्हणून, असं निदान मला तरी म्हणवत नाही.