व्हर्बली

इंग्रजी क्रियाविशेषण. ‘शब्दांद्वारे’ हा मूळ अर्थ, ‘तोंडी’ हा रूढ. व्याकरणात ‘क्रियापदाप्रमाणे’ असा मर्यादित वापरही आढळतो.

व्युत्पत्ती : लॅटिन ‘वर्बुम’ (शब्द) या नामापासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘वर्बालिस’ हे विशेषण बनले आणि साधारणतः पंधराव्या शतकात ते इंग्रजीत रुजले. ‘वर्बुम’, इंग्रजी ‘वर्ड’ आणि लिथुएनियन ‘वार्दास’ (नाव) हे सगोत्र (एकाच मुळापासून निघालेले) असल्याबद्दल फारसा मतभेद नाही. वाद आहे तो संस्कृत ‘व्रत’विषयी. ‘उच्चारलेले वचन’ असा मूळ अर्थ धरून काही तुलनाकार त्याचा संबंध ‘बोलणे’ या अर्थाच्या भारोपीय (इंडो-युरोपीय) धातूशी जोडतात. संस्कृतचे अभ्यासक वि. म. आपटे यांनी ‘वृत्’ (वळणे, चालणे) हा धातू मानला, तर पां. वा. काणे यांनी ‘वृ’ (निवडणे). ऋग्वेदात वरुणाची व्रते म्हणजे त्याचे अढळ नियम. तेथे ‘उच्चार’ हा अर्थ बसवावा लागतो, ‘वृ’तून निघणारा ‘इच्छा, आज्ञा’ हा सहज बसतो. ‘वर्बुम’ व ‘व्रत’ यांचे प्रत्ययही वेगळे आहेत. त्यामुळे हे नाते तूर्त बाजूला ठेवणे बरे.

वापर : ‘ओरली’ हे ‘तोंड’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेले असल्याने बोलण्यासाठी तेच वापरावे, असा शुद्धतावाद्यांचा आग्रह असतो. लेखी करारही शब्दांचाच असतो, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. कायदेविषयक लेखनात तो पाळावाच. मात्र ‘व्हर्बल’चा ‘तोंडी’ हा अर्थ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दिसतो, तेव्हा त्याला अलीकडची चूक म्हणता येत नाही.

वैद्यकात तर पर्यायच उलटतो. तेथे ‘ओरली’ म्हणजे तोंडावाटे द्यायचे औषध. म्हणून डॉक्टरांची तोंडी सूचना ‘व्हर्बल ऑर्डर’ ठरते. 1974 मध्ये टीझडेल व जेनेट यांनी मांडलेल्या ग्लासगो कोमा मापनश्रेणीत (रुग्णाची शुद्ध मोजण्याच्या पद्धतीत) ‘व्हर्बल’ प्रतिसादाला 1 ते 5 गुण असतात. सुसंगत उत्तराला 5, पण अर्थहीन कण्हण्यालाही 2. म्हणजे शब्द नसलेला आवाजही येथे ‘व्हर्बल’मध्ये मोडतो. उलट भाषाविज्ञानात खुणांच्या भाषेतील संभाषण आवाजाविना होऊनही ‘व्हर्बल’च मानले जाते, कारण खुणा हे त्या भाषेचे शब्दच असतात.