खेळ कोणाचा? शिक्षणातल्या एका जुन्या ओढाताणीची पार्श्वभूमी

‘हसतखेळत शिक्षण’ हे शब्द आता इतके गुळगुळीत झालेत की त्यामागचा वाद फारसा कुणाला आठवत नाही. मुलं खेळातून शिकतात, हे मानणारे प्रत्येक काळात होते. तो खेळ कोणाच्या मर्जीने चालायचा, यावर मात्र त्यांचं कधीच जमलं नाही.

इंग्रजीतला ‘स्कूल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ फावला वेळ, निवांतपणा. लॅटिनमध्ये तर ‘लूडुस’ म्हणजे खेळही आणि प्राथमिक शाळाही. प्रत्यक्ष रोमन शाळेत राज्य छडीचंच होतं. प्लेटोने त्याआधीच लिहून ठेवलं होतं की जबरदस्तीने घातलेलं ज्ञान मनात टिकत नाही, आणि ज्याला मोठेपणी घरं बांधायची आहेत त्याने लहानपणी खेळातली घरं बांधावीत.

कुतूहलाच्या वाट्याला त्याहून जास्त संशय आला. ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टिनने (इ.स. 354–430) त्याला डोळ्यांची वासना म्हटलं, माणसाला भरकटवणारा मोह मानलं. पण स्वतःच्या बालपणाबद्दल लिहिताना त्याच्याकडून वेगळीच कबुली येते. लॅटिन तो दायांच्या लाडात, थट्टामस्करीत, खेळताखेळता शिकला. ग्रीक शिकला तो शिक्षेच्या धाकाने, आणि ती भाषा त्याला आवडली नाही ती नाहीच. भाषा शिकायला धाकापेक्षा मोकळं कुतूहल अधिक बळ देतं, असं तो स्वच्छ सांगतो आणि लगेच जोडतो की या मोकळेपणाला शिस्तीचा बांध हवा. पुढचा सगळा इतिहास या दोन वाक्यांमधल्या जागेत घडला, असं मला वाटतं.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1693 मध्ये पालकांना बजावलं की मुलांच्या प्रश्नांना हिडीसफिडीस करू नका. अक्षरं ओळखायला त्याने फासे सुचवले. पण त्याचं खरं मर्म भोवऱ्याच्या उदाहरणात आहे. मुलाला रोज ठरावीक वेळी, मन असो वा नसो, कर्तव्य म्हणून भोवरा फिरवायला लावून पाहा, तो म्हणतो. थोड्याच दिवसांत त्याला त्या खेळाचा वीट येईल. सक्तीने खेळाचंही ओझं होतं, हे इतकं सोपं करून क्वचितच कुणी सांगितलं असेल.

मग शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिश फ्रोबेल आला. त्याने जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग गावात 1837 मध्ये लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि 1840 मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. त्याच्या खेळसाहित्यातली एक लाकडी पेटी डोळ्यांसमोर आणा. पेटी उपडी ठेवायची, झाकण सरकवून काढायचं आणि पेटी हळूच वर उचलायची. टेबलावर एक अखंड घन उभा राहतो. तो आठ छोट्या घनांचा बनलेला असतो. मूल त्यांची खुर्ची करतं, मग पूल, मग भिंत. आठच ठोकळे, पण त्यांतून अर्धं, पाव, उंच, रुंद सगळं हाताला कळतं. 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारने या बागांवर नास्तिकपणाचा आणि समाजवादाचा ठपका ठेवून बंदी घातली. 1852 मध्ये फ्रोबेल वारला. बंदी उठली 1860 मध्ये. बागा वाढल्या, पण अनेक अनुयायांनी त्याच ठोकळ्यांची कवायत केली: बाई सांगतील तेव्हा, सांगतील तसाच ठोकळा हलवायचा. लॉकचा भोवराच तो!

इटालियन डॉक्टर मारिया माँटेसोरीने रोममध्ये 6 जानेवारी 1907 रोजी आपलं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. तिथली मुलं खेळणी बाजूला ठेवून खऱ्या कामाकडे वळतात, असं तिला दिसलं. म्हणून तिने ‘खेळ’ऐवजी ‘काम’ म्हटलं आणि परीकथांच्या कल्पनाविश्वाकडे ती साशंकतेने पाहत राहिली. निवड मात्र तिने मुलाच्या हाती दिली, आणि हे मला तिचं मोठेपण वाटतं.

कल्पनेची बाजू घेतली ती सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्कीने, 1933 मधल्या एका व्याख्यानात. काठीला घोडा मानणारं मूल वस्तूपासून तिचा अर्थ सुटा करायला शिकतं. अमूर्त विचाराची सुरुवात तिथेच होते. शिवाय ‘आई’ झालेली मुलगी आईसारखंच वागते, मनाला येईल तसं नाही. खेळातला नियम मूल आपणहून पाळतं. ऑगस्टिनला हवा असलेला शिस्तीचा बांध खेळाच्या आतच होता.

प्रयोग बरेच नंतर आले. 1973 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी, रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवर्गातल्या मुलांपैकी काहींना आधी सांगून प्रशस्तिपत्रक दिलं. एक-दोन आठवड्यांनी तेच पेन पुन्हा मांडले, तेव्हा ही मुलं इतरांच्या निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. 2014 मध्ये दिसलं की एखाद्या प्रश्नाचं उत्तर जाणून घ्यायची उत्सुकता ताणलेली असताना मधेच दाखवलेले, प्रश्नाशी संबंध नसलेले चेहरेही जास्त लक्षात राहतात.

पण मला सर्वांत बोलका वाटतो तो 2011 मधला नळ्यांच्या खेळण्याचा प्रयोग. रंगीत नळ्या जोडून केलेल्या त्या खेळण्यात चार गमती होत्या. एक नळी ओढली की चूं असा आवाज, एके ठिकाणी दिवा, एके ठिकाणी सूर, आणि एका नळीत दडवलेला आरसा, ज्यात चेहरा उलटा दिसे. काही मुलांना मोठ्या माणसाने ‘हे खेळणं असं चालतं’ म्हणत आवाज काढून दाखवला. इतरांसमोर तो जणू चुकून निघाला, किंवा काहीच दाखवलं नाही. शिकवलेल्या मुलांनी दाखवलेली गोष्ट नेमकी उचलली. पण ती खेळण्याशी कमी वेळ रमली आणि दिवा, सूर, आरसा त्यांना कमी सापडले.