बिनदोरीचे वेकसर्फिंग

चालत्या मोटारबोटीमागे उठणाऱ्या लाटेवर, हातात दोरी न धरता, केवळ लाटेच्या उतारावरून फळी घसरवत राहण्याचा जलक्रीडाप्रकार. दोरी लागते ती पाण्यातून उठून उभे राहण्यापुरती. फळी लाटेवर नीट बसली की दोरी सोडून देतात. वॉटर स्कीइंग आणि वेकबोर्डिंग यांत बोट स्वाराला ओढते, वेकसर्फिंगमध्ये ती फक्त लाट पुरवते. म्हणूनच नवशिक्याला दोरी सोडणे जमत नसेल, तर आधी लाट तपासावी आणि मग त्याच्या पायांकडे पाहावे. अपुऱ्या लाटेवर कसलेला स्वारही मागे पडतो.

लाट स्वाराला कशी धरते : लाटेच्या उतारावर गुरुत्वाकर्षण फळीला पुढे-खाली खेचते, तर पाण्याचा विरोध तिला मागे रोखतो. ही दोन्ही बले जिथे तुल्यबळ होतात, तिथे फळी बोटीपासून ठरावीक अंतरावर टिकून राहते. उतार संपत नाही, कारण लाटही बोटीच्याच वेगाने पुढे चाललेली असते; वर चढणाऱ्या सरकत्या जिन्यावरून खाली उतरत राहावे, तसे हे आहे. जिथे हा तोल साधतो त्या भागाला ‘पॉकेट’ म्हणतात. बहुतेक बोटींमागे तो फलाटाच्या (बोटीच्या पाठीमागच्या पायरीवजा फळीच्या) मागे सुमारे दीड ते तीन मीटरवर सापडतो.

बोटीचा वेग साधारण ताशी १६ ते १९ किमी. असतो. खोल पाण्यात ताशी १८ किमी. वेगाने धावणाऱ्या लाटेच्या दोन शिखरांतले अंतर सुमारे १६ मी. भरते आणि अशा लाटेची हालचाल त्याच्या निम्म्या खोलीपर्यंत, म्हणजे ८ मीटरपर्यंत पोहोचते. पाणी त्याहून बरेच उथळ असले की तळ लाटेला अडवू लागतो. ती खुजी, वेडीवाकडी होते आणि खालचा गाळही ढवळून निघतो. चार-पाच मीटरपेक्षा कमी पाण्यात बोटीत कितीही वजन भरले तरी लाट मनासारखी येत नाही.

कोणती बोट चालते : याबाबतीत तडजोड नाही. ज्या बोटीचा पंखा तळाखाली, पाठीमागच्या कडेच्या बराच आत असतो, अशीच बोट वापरावी. आउटबोर्ड (मागच्या कडेवर बाहेर टांगलेल्या) किंवा स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंखा मागे बाहेर अशा) इंजिनाच्या बोटीत पंखा मागे उघडा असतो आणि स्वार त्यापासून दोन-तीन मीटरवर, तेही दोरीविना, म्हणजे केव्हाही पुढे घसरू शकेल अशा अवस्थेत असतो. वेकसर्फिंगच्या बोटींत बहुधा ‘व्ही-ड्राइव्ह’ रचना असते. तीत इंजिन अगदी मागे बसवलेले असून त्याचा दांडा आधी पुढे जातो आणि गिअरपेटीतून वळून तळाखालून मागे पंख्याकडे येतो. यामुळे पंखा आत राहतो आणि इंजिनाचे वजनही लाटेच्या कामी येते. पुढच्या दिशेला तोंड करून तळाखाली बसणाऱ्या पंख्यांची स्टर्नड्राइव्ह इंजिनेही आता मिळतात. ती मात्र चालतात.

वजन भरणे : बोट जितके पाणी बाजूला सारते, तितकी लाट मोठी. त्यासाठी बोटीत बॅलास्ट, म्हणजे वजनासाठी पाणी भरतात. पक्क्या टाक्यांत किंवा जाड रबरी पिशव्यांत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशेब सोपा. ३४० लिटरची पिशवी तासाला ३,००० लिटर उपसणाऱ्या पंपाने सुमारे सात मिनिटांत भरते. पिशवीत हवा राहू देऊ नये. अर्धवट भरलेली पिशवी वळणावर एका बाजूला लवंडते आणि बोटीचा तोल एकदम बदलतो.

वजन कुठे ठेवायचे, हा खरा प्रश्न आहे. मागे वजन वाढवले की लाट उंच पण आखूड होते. पुढे, नाळेकडे, थोडे वजन टाकले की तीच लाट लांबते आणि पॉकेट ऐसपैस होते. नुसते मागेच भरत गेल्यास बोट नाक वर करून चालते, चालकाला पुढचे दिसत नाही आणि उंच लाटेवर स्वाराला उभे राहायलाही जागा उरत नाही. सहा-सात मीटरच्या बोटीसाठी सुरुवातीला मागे ४०० ते ५०० किलो आणि पुढे १५० ते २०० किलो घेऊन पाहावे, आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. माणसेही बॅलास्टच असतात. ७० किलोचा एक जण मागच्या बाकावरून उठून नाळेपाशी जाऊन बसला तरी लाटेचा आकार बदललेला दिसतो. म्हणून लाट जुळल्यावर कुणीही आपली जागा सोडू नये. पाणी आणि माणसे मिळून होणारे वजन निर्मात्याने ठरवून दिलेल्या मर्यादेतच हवे. लादलेल्या बोटीचा काठ पाण्याला टेकू पाहतो. अशा वेळी झटक्याने वेग कमी केला तर नाळ खाली जाते, मागून आपलीच लाट येऊन भिडते आणि पाणी आत शिरते.

एकच बाजू : दोन्ही बाजूंनी सारखी वाहून येणारी पाण्याची धार बोटीच्या मागे लगेच एकत्र आली, तर दोन्हीकडच्या लाटा फेसाळ आणि निकामी होतात. एक बाजू स्वच्छ करायची तर हे मिलन थोडे लांबवावे लागते. जुना उपाय म्हणजे सगळे वजन सर्फिंगच्या बाजूला टाकून बोट त्या अंगावर कलती चालवणे. नव्या बोटींत मागच्या कोपऱ्यांवर यंत्राने उघडणारी झापे असतात. डाव्या बाजूला लाट हवी असेल तर उजवे झाप उघडायचे. तिकडचे पाणी बाहेर फेकले जाते, उशिरा परत येते आणि डावी लाट घडी पडल्यासारखी नितळ उठते. जुन्या बोटीला तेच काम करणारी, चूषण-कपांनी चिकटवायची पाचर बसवता येते. ती लाटेच्या विरुद्ध बाजूला, मागच्या कडेजवळ आणि पाण्याखाली बसवावी. लावण्यापूर्वी ती जागा पुसून चकचकीत करावी, कारण मेणाच्या किंवा शेवाळाच्या थरावर कप टिकत नाहीत. पाचरेला बोटीत बांधलेली एक दोरी हवीच, नाहीतर कप सुटताच ती तळाला जाते. झापे किंवा पाचर वापरताना वजन दोन्ही बाजूंना सारखे ठेवून सुरुवात करतात.

डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला डावी बाजू सोपी, उजवा पुढे ठेवणाऱ्याला उजवी. अशाने चेहरा लाटेकडे राहतो. पाय ओळखायची साधी रीत म्हणजे मागून कुणी हलका धक्का दिल्यावर जो पाय आपोआप पुढे पडतो, तो पुढचा पाय.

लाट जुळवताना दिसणारे दोष ठरलेले आहेत. उतारावर फेस येत असेल तर वेग थोडा वाढवावा किंवा झाप अधिक उघडावे. लाट नितळ असूनही ठेंगणी असेल तर मागे वजन कमी आहे. उंच आणि कडेलोट झाल्यासारखी कोसळत असेल तर वेग कमी पडतो आहे किंवा नाळ हलकी आहे. वेग ताशी ०.३ किमी.च्या टप्प्यांनीच बदलावा. एवढ्यानेही फरक डोळ्यांना दिसतो.

फळी आणि दोरी : जाड, तीन-चार सुकाण-पट्ट्यांची (फळीच्या तळाशी दिशा राखणाऱ्या पट्ट्यांची) सर्फ पद्धतीची फळी वेग धरते आणि नवशिक्याला बरी. पातळ, एका छोट्या पट्टीची स्किम पद्धतीची फळी गिरक्यांसाठी. फळी वजनाला साजेशी हवी. लहान फळीवर लाट चांगली असूनही माणूस मागे राहतो. दोरी सुमारे सहा मीटर, जाड आणि गाठींची. तिला हात किंवा मान अडकेल असा मोठा फास नसावा आणि ती कधीही मनगटाला गुंडाळू नये.

उभे राहणे : जीवरक्षक जाकीट घालून पाठीवर तरंगावे आणि पाण्यावर आडव्या ठेवलेल्या फळीच्या जवळच्या कडेवर दोन्ही टाचा टेकवाव्यात. बोट गिअरमध्ये संथ चालवून दोरी ताणली गेली की चालकाला इशारा द्यायचा. टाचांनी कड दाबताच फळी उभी होऊन तळपायांना चिकटते. इथे बहुतेक जण पाय ताठ करून फळीला ढकलतात आणि मग पाण्याची भिंत छातीवर येऊन दोरी हातातून निसटते. गुडघे छातीशी, हात सरळ, आणि शरीर बोटीने वर आणेपर्यंत वाट पाहणे, एवढेच करायचे असते. चालकानेही वेकबोर्डसारखा झटका देऊ नये. चार-पाच सेकंदांत सावकाश वेग आणावा. उभे राहताच पुढचा पाय फळीच्या मध्याजवळ, मागचा पट्ट्यांच्या वर. नजर पायांवर नव्हे, लाटेवर.

दोरी सोडणे : दोरीने स्वतःला हळूहळू पुढे ओढत पॉकेटपाशी आणावे. मग दोरी सोडण्याची खूण दिसते. ताणलेली दोरी आधी थरथरणे थांबवते, नंतर मधोमध झोळ घेते आणि पाण्याला टेकते. पण झोळ क्षणभर येऊन पुन्हा दोरी ताणली, तर अजून वेळ आहे. झोळ चार-पाच सेकंद टिकला आणि पुढच्या पायावर भार देऊन फळी पुढे, मागच्या पायावर देऊन मागे नेता आली, की दोरी एका हाताने बोटीत किंवा लाटेपलीकडच्या पाण्यात टाकावी. पायांखाली पडू देऊ नये.

यानंतर सगळा खेळ दोन पायांतल्या भाराचा आहे. मागे पडत असाल तर पुढचा पाय दाबा. नुसते वाकून उपयोग नाही, कंबर पुढे गेली पाहिजे. फलाट जवळ येऊ लागला तर मागचा पाय दाबा, आणि काहीही झाले तरी फलाटाला हात लावू नका. लाट संपत आली असे वाटल्यास उतारावर थोडे वर चढून पुन्हा खाली यावे. या पंपिंगने गेलेला वेग परत मिळतो. पडायचे तर मागे आणि पसरून पडावे, सूर मारू नये.

सुरक्षितता आणि नियम : चालकाशिवाय दुसरा एक जण सतत स्वाराकडे पाहणारा हवा. पडलेल्याला घ्यायला जाताना वेग आधी संथ करून मग वळावे आणि तो फलाटावर चढण्यापूर्वी इंजिन बंद करावे. संथ चालणाऱ्या बोटीच्या मागे इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. फलाटाला लोंबकळत जाण्याच्या प्रकारात त्यामुळे मृत्यू झाले आणि कॅलिफोर्नियाने २००४ साली कायदा करून तो प्रकार बेकायदेशीर ठरवला. स्वार फलाटापासून मागे असतो तेवढे त्याच्या हिताचे. पण मागच्या बाकावर बसलेल्या मुलांनाही हा वायू लागतो. डोके दुखू लागणे किंवा मळमळणे याला ऊन लागले समजू नये.

मोठ्या लाटा किनाऱ्याची धूप करतात आणि धक्क्यांना बांधलेल्या बोटी आपटवतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, या लाटा नेहमीच्या बोटींच्या लाटांइतक्या सौम्य व्हायला किनाऱ्यापासून ५०० फूट (सुमारे १५० मी.) अंतर लागते. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने २०२४ पासून अंतर्गत तलावांवर हेच ५०० फुटांचे अंतर आणि २० फूट खोलीची अट घातली आहे. एका तलावातून दुसऱ्यात बोट नेताना बॅलास्टची प्रत्येक टाकी रिकामी करून वाळवावी, कारण उरलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपल्यांची (झपाट्याने पसरणाऱ्या उपद्रवी जातीची) डोळ्यांना न दिसणारी पिल्ले नव्या पाण्यात पोहोचतात.