जत्रेतला बैल नक्की किती किलोचा हवा?

अमेरिकेत आयोवा राज्याची मोठी जत्रा ऑगस्टमध्ये दे मॉइनला भरते, आणि तिथल्या गुरांच्या मांडवात शाळकरी पोरं आपापल्या बैलाचे केस ड्रायरने फुलवत बसलेली असतात. आपला पोळाच आठवतो! फोर-एच किंवा एफएफए या, मुलांना शेती न् जनावरं सांभाळायला शिकवणाऱ्या संस्थांमधून ही मुलं वर्षभर एक बैल सांभाळतात. बैल आपल्याकडच्या बैलासारखाच खच्ची केलेला, पण वशिंड नाही, नांगराला जुंपायचा नाही, वाढवायचा तो मांसासाठीच.

आता प्रश्न येतो वजनाचा. साधारण ५५० ते ६३० किलो असं उत्तर मिळतं आणि पोरं तो आकडा धरून बसतात. हिशोब तसा सोपा आहे, हिवाळ्याआधी २७० किलोचा गोऱ्हा घेतला, जत्रेला २७० दिवस आहेत आणि ५९० किलोला पोचायचंय तर रोज साधारण १.२ किलो वाढ हवी, तेवढा मका न् चारा घाला. पण गंमत अशी की काट्याला चरबी कुठे बसलीय ते कळत नाही.

जनावराचं शरीर आधी हाडं धरतं, मग स्नायू, मग चरबी. त्या चरबीचाही क्रम असतो, आधी मूत्रपिंडाभोवती, मग स्नायूंच्या मधे, कातडीखाली, आणि मांसाच्या आत बारीक पांढऱ्या रेघा, म्हणजे मार्बलिंग, ते नीट दिसायला लागतं जवळजवळ सगळ्यात शेवटी. आणि खाणाऱ्याला रसरशीतपणा लागतो तो बराचसा याच रेघांमुळे. म्हणून बुटक्या चणीचा बैल ५०० किलोलाच तयार होतो, त्याला ओढून ६०० ला नेलं तर नुसतीच पाठीवर चरबी. उलट उंच, लांब हाडाचा बैल ६०० लाही कच्चाच असतो. माझ्या मते मुलांना वजनाआधी हात लावून बघायला शिकवावं. फासळ्यांवर दाबलं तर खाली मऊ थर लागतो का, शेपटीच्या बुडाशी गोळे आलेत का. परीक्षक तेच बघतात.

खरा निकाल नंतर, बैल मारल्यावर लागतो. कातडी, डोकं, आतडी वगैरे काढून उरतं त्याला कारकस म्हणतात, ते जिवंत वजनाच्या ६२-६३ टक्के भरतं, म्हणजे ५९० किलोच्या बैलाचं साधारण ३७० किलो. ते थंड करून बाराव्या आणि तेराव्या फासळीच्या मधे कापतात. तिथे जो गोल स्नायू दिसतो त्यातल्या रेघा बघून सरकारी ग्रेडर प्राइम (सगळ्यात वरचा), चॉइस की त्याखालचा सिलेक्ट ते ठरवतो. दुसरा ग्रेड १ ते ५, चरबी सोडून कामाचं मांस किती निघेल त्याचा, १ सगळ्यात चांगला. पाठीवर साधारण १ सेंटीमीटर चरबी असली की बऱ्याचदा दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. अजून खायला घालत राहिलं की पहिला ग्रेड सुधारू शकतो, दुसरा घसरतो आणि खाद्याचा खर्च वर.

एवढं जमवूनही शेवटच्या दिवशी घात होऊ शकतो. अनोळखी जनावरांत कोंबलं, उपाशी ठेवलं, घाबरवलं तर बैलाच्या स्नायूंतला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपतो, मग मारल्यानंतर त्यापासून लॅक्टिक आम्ल पुरेसं तयार होत नाही आणि मांसाचा पीएच (आम्लतेचं माप, आम्ल जास्त तितका आकडा कमी) ५.५ च्या आसपास उतरायच्या ऐवजी ६ च्या वरच राहतो. कापल्यावर लालबुंद दिसायला हवं ते मांस काळपट, चिकट निघतं आणि भाव पडतो, वजन अगदी परफेक्ट असलं तरी.