एक्के 'फुटतातच' का?

बऱ्याच वर्षांचा समज: कमी फीच्या ऑनलाइन पोकर टुर्नामेंटमध्ये सुरुवातीला हातच्या दोन पत्त्यांत एक्क्यांची जोडी आली की ती हरतेच, कारण साइटच तसे पत्ते पाडते.

असं वाटायला कारण आहे. समजा पहिल्या लेव्हलला ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच दोघांना भरावी लागणारी छोटी-मोठी सक्तीची रक्कम) 10/20 आणि हाती 1500 चिप्स, म्हणजे 75 मोठे ब्लाइंड. 20 चिप्समध्ये फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडणारे पहिले तीन सामाईक पत्ते, बघायला मिळतो, म्हणून अर्धं टेबल आत येतं. आता गणित बघा. कुठल्याही पत्त्यांच्या एका भिडूविरुद्ध, टेबलावरचे पाचही सामाईक पत्ते उघडेपर्यंत गेल्यास, एक्के सुमारे 85 टक्के वेळा जिंकतात. तिघांविरुद्ध 64, पाचांविरुद्ध जेमतेम 49. सहा जणांत सरासरी वाटा सुमारे 16.7 टक्क्यांचा, तेव्हा हा हात अजूनही भरपूर फायद्याचा. तरीही निम्म्याहून किंचित जास्त वेळा हरणारा. फसगत इथेच होते.

म्हणून तिघे 20 भरून आत आले असतील तर 60 चा रेझ करू नका, म्हणजे बोली 60 वर नेऊ नका. आणखी 40 कोणीही भरतो. 140 ते 160 करा, म्हणजे एखाद-दुसराच उरेल.

एकाच भिडूविरुद्धही 20 पैकी 3 हार अपेक्षितच. 5 झाल्या तरी नवल नाही. एक्के सरासरी 221 हातांत (डावांत) एकदा येतात, त्यामुळे 20 वेळा यायला चार हजारांवर हात लागतात. तोवर लक्षात राहतात त्या फक्त हारी.

पडताळायला साइटही नको. घरच्या कॅटमधून दोन एक्के बाजूला काढा, उरलेल्या 50 पत्त्यांतून पाच जणांना दोन-दोन वाटा, पाच मधे उघडा. शंभर वेळा करा, निकाल वहीत मांडा.