जुन्या लष्करी घाटाच्या रायफलची सफाई : कोणतं साहित्य घ्यावं, कोणतं टाळावं

आमच्या नाशिकच्या दुकानात येणारे बहुतेक ग्राहक एकच मागणी करतात : "सफाईचा पूर्ण किट द्या." डब्यात वीस वस्तू असतात, त्यातल्या चार-पाच कामाच्या. उरलेल्यांपैकी एक-दोन तर नळीचं नुकसानच करतात. म्हणून पैसे मोजण्याआधी हे पत्रक वाचून घ्या. जुन्या रायफलच्या नळ्या गोळ्या झाडून जितक्या झिजतात, त्याहून जास्त चुकीच्या सफाईने खराब होतात असं आमचं ठाम मत आहे.

ही माहिती कोणासाठी, तेही सांगतो. लष्करातली 303 ली-एनफिल्ड आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या आतल्या मापाच्या गटात) मोडते, त्यामुळे साध्या खासगी परवान्यावर ती मिळत नाही. पण तिच्याच बोल्टच्या (काडतूस आत ढकलून नळीची मागची बाजू बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) रचनेवर आयुध निर्माणीत बनलेली 315 स्पोर्टिंग रायफल निफाड-दिंडोरीकडच्या अनेक शेतकऱ्यांकडे आणि सुरक्षारक्षकाचं काम करणाऱ्या माजी सैनिकांकडे आहे. काही संस्थांकडे कवायतीच्या 303 सुद्धा आहेत. या सगळ्यांची निगा जवळपास सारखीच. आम्ही फक्त सफाईचं साहित्य विकतो. शस्त्र, काडतूस, सुटे भाग आणि दुरुस्ती यांसाठी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेच जा.

हात लावण्याआधी

मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी बघा आणि मग करंगळी घालून चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. सफाई चालू असताना लहान मुलं आसपास नकोत. काल रात्रीच रिकामी करून ठेवली होती, हे कारण चालत नाही. दर वेळी नव्याने तपासायचं.

गज की फुलतरू?

सैन्यात वर्षं काढलेल्या माणसाचा हात आपोआप फुलतरूकडे, म्हणजे नळीतून चिंधी ओढायच्या दोरीकडे (पुल-थ्रू) जातो. 303 च्या दस्त्यात मागच्या पितळी पट्टीला एक झडप असते. ती उघडली की आत दोरीचा फुलतरू आणि पितळी तेलाची बाटली. बाटलीच्या झाकणालाच तेल लावायचा छोटा चमचा जोडलेला असतो. खंदकात, पावसात, कुठेही सफाई करता यावी म्हणून केलेली ही सोय, आणि तेवढ्यापुरती ती उत्तमच आहे. चिंधीचं मापही ठरलेलं : पुसायला 4 बाय 2 इंच, तेल द्यायला 4 बाय दीड इंच. तेलाची चिंधी अरुंद असते, कारण ती घट्ट बसली तर तेल नळीला लागण्याऐवजी पिळून बाहेर पडतं.

फुलतरूचा धोका दोरीत आहे. दोरीला बारीक धूळ चिकटते आणि ती कानशीचं काम करते. ओढताना दोरी नळीच्या तोंडाला एका बाजूने घासली, तर वर्षानुवर्षांनी तिथे खाच पडते. नळीचं तोंड म्हणजे गोळी रायफल सोडते ती शेवटची जागा. तिथे गोलाई बिघडली की नेम गेलाच. म्हणून फुलतरू ओढायचाच तर नळीच्या सरळ रेषेत, एका दमात. दुसऱ्या माणसाने रायफल धरली तर फार बरं. दोरीचे धागे सुटायला लागले की ती टाकून द्या. अर्ध्या नळीत तुटलेली दोरी आणि अडकलेली चिंधी काढणं हे मोठं जिकिरीचं काम असतं. तेही कारागिराचं आहे, घरी तारेने टोचत बसू नका.

घरच्या सफाईला आमची शिफारस एकसंध गजाची, म्हणजे नळीत चिंधी किंवा ब्रश ढकलणाऱ्या लांब कांडीची. तीन तुकडे जोडून होणारे ॲल्युमिनियमचे गज स्वस्त आहेत, दुकानात ठेवतोही, पण मागितल्याशिवाय दाखवत नाही. ॲल्युमिनियम मऊ असतं, त्यात कचरा रुतून बसतो आणि जोडाच्या कडा आतून खरवडतात. प्लॅस्टिकचं आवरण असलेला किंवा गुळगुळीत पोलादी गज घ्या. त्याची मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी. नळीतल्या खाचा पेचदार असतात. मूठ फिरली तरच चिंधी त्या पेचाबरोबर फिरते, नाहीतर खाचांवरून नुसती घसरत जाते.

गज नेहमी बोल्टच्या बाजूने घाला. बोल्ट रायफलमधून पूर्ण बाहेर निघतो, ही या रचनेची मोठी सोय आहे, ती वापरा. मागच्या बाजूला गजाची दिशा धरून ठेवणारी नळी, म्हणजे बोअर गाइड, बसवली तर चेंबरची कडाही वाचते. एकाहून जास्त रायफली एकाच वेळी उघडणाऱ्या संस्थांना कळकळीची विनंती : बोल्टची अदलाबदल होऊ देऊ नका. बोल्टवरचा आणि रायफलवरचा क्रमांक जुळवूनच परत बसवा. दिसायला सगळे बोल्ट सारखे असले तरी प्रत्येकाची बसणी त्या-त्या रायफलशी जुळवलेली असते, आणि ती चुकली तर प्रश्न थेट गोळी झाडणाऱ्याच्या चेहऱ्यासमोरचा आहे.

ब्रश, जॅग आणि निळा डाग

315 साठी 8 मिलिमीटरचा ब्रश मागा. फॉस्फर ब्राँझचा चालतो, नायलॉनचाही चालतो; पोलादी तारेचा अजिबात नको. ब्रश पूर्ण बाहेर पडल्याशिवाय उलटा ओढू नका. मधेच दिशा बदलली की केस मुडपतात आणि ब्रश अडकतो.

जॅग म्हणजे चिंधी धरणारं टोक. आमचे पितळी जॅग अंबडच्या लेथवर बनतात आणि काम चोख देतात. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. गोळीवरच्या तांब्याचा थर काढायला जे अमोनियायुक्त द्रावण वापरतात, ते पितळेतलं तांबंही विरघळवतं. चिंधी निळी-हिरवी बाहेर येते, ग्राहकाला वाटतं नळीत अजून तांबं आहे, तो पुन्हा द्रावण घालतो, पुन्हा निळी. नळी केव्हाच स्वच्छ झालेली असते. निळा रंग जॅगचा असतो. तांबं काढायचं असेल तर प्लॅस्टिकचा जॅग आणि नायलॉनचा ब्रश घ्या. हे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त नळीत राहू देऊ नका, खिडकी उघडी ठेवा आणि शेवटी कोरडी चिंधी फिरवून तेल द्या.

जुन्या काडतुसांचं मीठ

जुन्या लष्करी साठ्यातल्या काडतुसांच्या टोपीत (दारू पेटवणाऱ्या मागच्या बारीक भागात) पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं. हा मिठाचाच भाऊबंद, हवेतलं पाणी ओढून घेतो आणि नळीला आतून गंज चढवतो. तेल हे मीठ विरघळवू शकत नाही, वरून फक्त झाकतं. त्याला उपाय पाणीच. म्हणून ब्रिटिश काळापासून सैन्यात वाकड्या नळीच्या फनेलने मागच्या बाजूने उकळतं पाणी ओतायची रीत होती. पाणी मीठ धुऊन नेतं आणि तापलेली नळी लगेच वाळते. मग कोरड्या चिंध्या, मग तेल, आणि पुढचे दोन-तीन दिवस रोज एकदा चिंधी फिरवून पाहायचं. नव्या, न गंजवणाऱ्या टोपीच्या काडतुसांना पाण्याची गरज नाही. संस्थांच्या जुन्या रायफलींची नळी आत खडबडीत दिसते, तिथे बहुतेक वेळा हेच मीठ कारण असतं. अशी नळी सँडपेपर किंवा लोखंडी काथ्याने चकचकीत करायला जाऊ नका. पडलेले खड्डे भरून येत नाहीत, खाचा मात्र जातात.

तेल : थोडं, आणि योग्य

खोबरेल तेल आणू नका. निफाडच्या थंडीत ते बाटलीत गोठतं, तसंच बोल्टमध्येही गोठतं. गोडेतेल, एरंडेल कालांतराने चिकट होतात आणि धूळ धरतात. बारीक खनिज तेल, म्हणजे गन ऑइल, पुरेसं आहे. अडीअडचणीला शिलाई मशीनचं तेलही चालतं. रॉकेल काजळी सोडवायला ठीक, पण ते उडून गेल्यावर धातू उघडा पडतो. त्यामुळे नंतर तेल हवंच. गोळी झाडण्याआधी मात्र नळी आणि चेंबर कोरडं पुसून घ्या. तेलकट चेंबरमध्ये काडतुसाची पकड सुटते आणि बोल्टवर वाजवीपेक्षा जास्त दाब येतो.

साठ्यातून आलेल्या रायफलवर जाड पिवळट ग्रीस असतं. ते टर्पेंटाइन आणि जुन्या सुती कापडाने काढा. बोल्टच्या आत आणि मॅगझिनच्या स्प्रिंगमागे राहिलेलं ग्रीस हमखास नजरेतून सुटतं.

पावसाळा, दव आणि पोलीस ठाणं

इगतपुरी-त्र्यंबकच्या ग्राहकांनी जून ते सप्टेंबर दर आठवड्याला रायफल उघडून बघावी. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या म्यानात ती कायमची ठेवू नका; चामड्यातली रसायनं आणि अडकलेली ओल दोन्ही गंज आणतात. नळीच्या तोंडाला बूच मारून ठेवायची सवयही सोडा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. त्या ओल्या झाल्या की फेकू नका, मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. हिवाळ्यात पहाटेच्या गार हवेतून रायफल उबदार खोलीत आणली की तिच्यावर दव धरतं. अर्धा तास थांबा, मग पुसा.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश येतो, तेव्हा ते कित्येक आठवडे तिथेच राहतं. नेण्याआधी नळीला आणि बोल्टला नेहमीपेक्षा जरा जास्त तेल द्या, बाहेरचा धातूही तेलाच्या कापडाने पुसा, आणि पोचपावतीवर क्रमांक नीट तपासून घ्या. परत मिळाल्यावर आधी सफाई.

लाकडी दस्ता

दस्त्याला व्हार्निश किंवा पॉलिश नको, कच्चं जवसाचं तेल द्या. चार थेंब तळहातावर घेऊन हात गरम होईपर्यंत चोळा, रात्रभर ठेवा, जास्तीचं पुसून टाका. लाकूड तेल प्यायचं थांबलं की आपणही थांबायचं. जवसाच्या तेलाने भिजलेली कापडं चुरगळून कोपऱ्यात किंवा डब्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि काडी न लावता पेट घेऊ शकतात. अंगणात एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मगच टाका. आमच्याकडून तेलाची बाटली नेणाऱ्या प्रत्येकाला हे तोंडीही सांगतो. घरातल्या बाकीच्यांनाही सांगून ठेवा.